कोपऱ्यातली ज्वारी

महोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात मी यादी करते. वही तीच, पानं फक्त पुढची. गोधड्या, दुपटी, सुतळी, चिमटे, टेबलावर घालायची चादर, सुया, दोरा, कात्री, पाण्याची बाटली, डोकेदुखीची गोळी. या वर्षीच्या यादीत तीन गोष्टी जास्तीच्या होत्या. लोखंडी तवा, विजेची शेगडी आणि अर्धा किलो ज्वारी.

नवऱ्यानं वही उचलून वाचली. "गोधड्या विकायच्यात का भाकऱ्या?"

"पीठ कुठं लिहिलंय? ज्वारी लिहिलीय."

"मग लाह्या?"

"तिसऱ्या दिवशी सांगते."

त्यानं वही खाली ठेवली. समोरच्या स्टॉलचा विषय त्यानं वर्षभर चहाच्या वेळी आणि जेवताना ऐकला होता, त्यामुळे त्याला अंदाज आला असणार. जाता जाता एवढंच म्हणाला, "तू पोलिसात जायला पाहिजे होतंस."

मी गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात हे काम सगळ्याच बायकांना यायचं, पण आमच्या घरात त्यात एक गोष्ट जास्त होती. आई गोधडीचा शेवटचा कोपरा उघडा ठेवायची. भाकऱ्या झाल्या की तापलेल्या तव्यावर मूठभर ज्वारी भाजायची, ती ताटात पसरून गार करायची, आणि तिच्यातले सात दाणे त्या उघड्या कोपऱ्यात घालून वर त्रिकोणी ठिगळ लावून कोपरा बंद करायची. ती गोधडी कुणाच्या तरी घरी जाणार असायची. लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर भाच्याच्या लग्नात. आई कोपरा शिवताना दर वेळी तेच म्हणायची, "ही आता दुसऱ्याच्या घरी चालली. उपाशी कशी धाडू?"

मी बारा वर्षांची असताना तव्याजवळ बसायचा कंटाळा केला आणि पोत्यातले दाणे तसेच, न भाजता, एका कोपऱ्यात घातले. पावसाळ्यानंतर आईनं ती गोधडी ट्रंकेतून काढली तर कोपऱ्याला टाचणीनं पाडावीत तशी बारीक भोकं, आणि त्यातून सोंडे बाहेर येत होते. धान्यात होतात ते काळे, पुढं सोंड असलेले किडे. आई रागावली नाही. माझ्या हातात कात्री दिली. अख्खा कोपरा मी उसवला, झाडला, धुतला, वाळवला आणि परत शिवला. त्यानंतर कच्चा दाणा मी कधी घातला नाही, आणि भाजायचं असतं हे कुणाला वेगळं सांगावं लागेल असंही मला कधी वाटलं नाही.

आता मी शहरात, सावेडीत राहते. मुलं मोठी झाल्यावर, आई गेल्यावर, मी गोधड्या विकायला लागले. इथल्या मैदानावर जानेवारीत तीन दिवसांचा महोत्सव भरतो. हस्तकला एका बाजूला, खाण्याचे स्टॉल दुसऱ्या बाजूला, मध्ये स्टेज. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तिथं स्टॉल घेतला. समोर एक मॅडम होत्या. उशांचे अभ्रे, पिशव्या, टेबलावरचे रुमाल, सगळं कुठून कुठून आणून विकायच्या. दुपारी गर्दी नसते. तेव्हा त्या दोन कप चहा घेऊन माझ्याकडं आल्या, माझ्या खुर्चीवर बसल्या आणि गोधडीवरून हात फिरवायला लागल्या.

"ताई, या कोपऱ्यात काय लागतंय हाताला?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं. ज्वारी, सात दाणे, त्रिकोणी ठिगळ, आई काय म्हणायची ते, सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल काढला. "परत एकदा म्हणा ना. आई म्हणायच्या तस्संच, गावाकडच्या बोलण्यात." मी परत म्हटलं. मोबाईलकडं बघून हसलेसुद्धा. दाणे भाजायचे असतात हे तेव्हा माझ्याकडून राहिलं. मुद्दाम नाही. स्वयंपाक सांगताना तांदूळ धुवून घ्या असं आपण दर वेळी कुठं सांगतो?

पुढच्या वर्षी मी स्टॉल लावला आणि समोर पाहिलं तर अभ्रे गेलेले. त्यांच्या जागी गोधड्यांची चळत. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला त्रिकोणी ठिगळ, ठिगळाला दोऱ्यानं बांधलेलं जाड कागदाचं कार्ड. स्टॉलच्या कडेला सतरंजीवर साठीच्या पुढची एक बाई शिवत बसली होती. "या आमच्या पुणतांब्याच्या मावशी," असं मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होत्या.

सकाळी अकराच्या सुमाराला दोघी जणी तिकडून माझ्याकडं आल्या. एकीनं माझी गोधडी उलटून कोपरा चाचपला आणि दुसरीला म्हणाली, "इथंपण दाणे घातलेत बघ. पण ओरिजिनल त्या समोरच्याच. त्यांच्या आजीपासून चालत आलंय."

"हे माझ्या आईपासून आहे," मी म्हटलं.

"हो का?" ती हसली. "सगळेच तसं म्हणतात हो."

त्या गेल्या. काही न घेता गेल्या, पण ते सोडा. मी स्टॉलवर चादर टाकली आणि समोर गेले. कार्ड हातात घेतलं. त्यावर सुंदर अक्षरात छापलं होतं: "ही आता दुसऱ्याच्या घरी चालली. उपाशी कशी धाडू?" आणि खाली, "आमच्या आजीचे शब्द."

माझी आई त्या कार्डावर दुसऱ्याच कुणाची तरी आजी होऊन बसली होती. तिला लिहिता येत नव्हतं. तिचं म्हणून मागं उरलेलं ते एक वाक्य होतं, आणि ते मी स्वतःच्या तोंडानं, चहाच्या एका कपावर, दोनदा म्हणून देऊन टाकलं होतं.

"मॅडम, हे माझ्या आईचं आहे."

"अहो ताई," त्या म्हणाल्या, अगदी गोड, "परंपरा काय कुणा एकीची असते का? तुम्हीही विका, आम्हीही विकू. बायकांना काम मिळतंय."

माझी बोटं सवयीनं त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यावर गेली. भाजलेला दाणा ठिगळाखाली हलका लागतो आणि नखानं दाबला की चुरतो. हा दाणा चुरला नाही. खड्यासारखा घट्ट होता. मी दुसरी गोधडी पाहिली. तिसरी पाहिली. सगळीकडं कच्ची ज्वारी.

मला जे बोलायचं होतं ते मी गिळलं. "छान आहेत," म्हटलं आणि परत आले. वहीत लिहिलं: समोर कच्ची ज्वारी. सांगायचं नाही.

त्या तीन दिवसांत त्यांच्या बऱ्याच गोधड्या गेल्या. एकेक पिशवी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना मी बघत होते. सोंडे चावत नाहीत, हे मी स्वतःला तीन-चार वेळा सांगितलं. सतरंजीवरच्या मावशींचे टाकेही मी पाहिले होते. बारीक, सरळ, माझ्यापेक्षा चांगले. ते मी वहीत लिहिलं नाही.

मग वाट बघणं आलं. मला वाट बघता येते. उन्हाळा गेला, पाऊस झाला. गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी मोबाईलवर त्यांचा मेसेज आला: "ताई, कशा आहात? तुमच्या गोधड्यांना कीड वगैरे लागते का हो?"

मी भांडी घासत होते. हात पुसले, चष्मा लावला, परत वाचला. तेव्हा सांगता आलं असतं. एका ओळीचं काम होतं. मी लिहिलं, "नाही हो. आमच्या नाही लागत." शब्दन् शब्द खरा होता. पाठवलं आणि उरलेली भांडी घासली. नवऱ्यानं विचारलं, "कुणाचा होता?" तर म्हटलं, "मैत्रिणीचा."

या वर्षी मी अर्ज पहिल्याच दिवशी भरला. जागा मागून घेतली, मॅडमच्या बरोबर समोरची. शेगडीसाठी वेगळा अर्ज, कारण खाण्याच्या स्टॉलशिवाय कुणाला शेगडी लावू देत नाहीत. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "गोधडीचे प्रात्यक्षिक." सही-शिक्क्याची परवानगी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवली.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी साडेअकराला फाटकाशी एक स्कूटर थांबली. निवृत्त शिक्षिका असाव्यात असं त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. हातात कापडी पिशवी. त्या सरळ समोर गेल्या, पिशवीतून गोधडी काढली आणि मॅडमच्या टेबलावर, नव्या गोधड्यांच्या चळतीवरच, झटकली.

"हे काय आहे?"

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"मलाच विचारता? नातवाच्या अंगावर घातली होती. सून म्हणाली, आई, याच्यातून किडे निघतायत."

"तुम्ही धान्याच्या डब्यांजवळ ठेवली असेल."

"मी गोधडी स्वयंपाकघरात ठेवते असं वाटलं का तुम्हाला?"

थांबणारे थांबले. मी शेगडीचं बटण दाबलं. तवा तापला, दोन मुठी ज्वारी टाकली आणि फडक्यानं हलवायला लागले. जानेवारीतल्या उन्हात भाजत्या ज्वारीचा वास चांगला पसरतो. तडतड आवाज येतो, दोन-चार दाणे फुटून लाह्या होतात. समोरच्या गर्दीतल्या माना वळल्या.

"काय भाजताय?" एका बाईनं विचारलं.

"गोधडीच्या कोपऱ्यात घालायचे दाणे." मी हळू बोलत नव्हते. "भाजूनच घालायचे असतात. कच्चे घातले की पावसाळ्यात सोंडे होतात."

"मग समोरच्यांना माहीत नाही?"

वर्षभर मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर कितीदा तरी घोकलं होतं. "त्यांच्या आजीनं सांगितलं नसेल," मी म्हणाले.

लोक हसले. शिक्षिकाबाईही हसल्या आणि आपली गोधडी तशीच समोर टाकून माझ्या स्टॉलवर आल्या. त्यांच्यामागून आणखी चार-पाच जण आले. एकीनं समोरचं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं, "आमच्या आजीचे शब्द," आणि परत हशा झाला. मॅडमचा चेहरा मी नीट पाहिला. बघण्यासाठी तर मी समोरची जागा घेतली होती. तो क्षण मला हवा तसाच मिळाला, आणि आजही तो आठवला की मला बरं वाटतं. वाईट वाटतं असं लिहिलं तर खोटं होईल.

पण मॅडमनं त्यानंतर जे केलं ते माझ्या यादीत नव्हतं. त्या याही वर्षी सतरंजीवर शिवत बसलेल्या मावशींकडं वळल्या आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, "मावशी, मी तुम्हाला चांगले दाणे घालायला सांगितले होते ना? असलं काम करता? माझं नाव घालवलंत." लोकांनाही ते पटलं. शिवणारीनंच घोटाळा केला असणार. जी बाई मघाशी कार्ड वाचत होती तीच आता म्हणाली, "या बायकांना काही म्हणजे काही पडलेलं नसतं."

मावशींनी सुई कापडात टोचून ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि रस्ता ओलांडावा तशा मधली वाट ओलांडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तव्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. चावला.

"तुमाला ठाव हुतं?"

"हो."

"कवाधरनं?"

"गेल्या वर्षी. तुम्ही इथं बसला होतात तेव्हापासून."

"आन बोलल्या न्हाई."

"त्यांनी माझ्या आईचं चोरलं, मावशी."

"तिनं चोरलं. शिवत कोन हुतं? मी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आमच्यात दाने घालतच न्हाईत. आमी पुनतांब्याकडची, गंगंकाठची मानसं, आमाला काय ठाव? तिनं पुडी दिली, म्हनली सात सात घाला, म्या घातले. चाळीस वरसं झाली शिवतीया, माझ्या हाताला कुनी नाव न्हाई ठिवलं. आज ठिवलं. ते तिच्यापायी न्हाई. तुमच्यापायी."

मी तवा खाली उतरवला. सोंडे चावत नाहीत, हे वाक्य मी वर्षभर गिऱ्हाइकांपुरतं वापरलं होतं. शिवणाऱ्या बाईचा हिशोब त्यात मी धरलाच नव्हता. धरला नव्हता म्हणजे, तिचे टाके बघूनही बाजूला ठेवला होता.

मी टेबलामागून बाहेर आले आणि त्या कार्डवाल्या बाईला गाठलं. "अहो, यांची चूक नाही. यांना कच्चे दाणेच दिले होते, आणि भाजायचं कुणी सांगितलं नव्हतं. टाका बघा यांचा, असा मला जमत नाही." तिनं टाका बघितला. बाकीच्यांनाही मी तेच सांगितलं, शिक्षिकाबाईंना तर समोर टाकलेली त्यांचीच गोधडी आणून, उलटी करून. मग मावशींना विचारलं, "माझ्या इथं बसता का?"

"दाने न्हाई घालायची मी," त्या म्हणाल्या. "माझ्या आयनं न्हाई घातले."

"नका घालू."

"आन गोधडी माझी म्हनून इकायची. तुमची म्हनून न्हाई."

"तसं लिहून लावते."

त्यांनी आपली सतरंजी समोरून ओढत आणली आणि माझ्या स्टॉलपुढं अंथरली. मी म्हटलं, "सावलीत बसा, या बाजूला." त्या म्हणाल्या, "न्हाई. तिच्याकडं त्वांड करूनच बसते." आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मॅडमकडं बघत बघत त्यांनी शिवलं. एकही टाका वाकडा गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. चहा न घेता. डोळे सुजलेले होते, ते मी पाहिलं आणि त्याचा माझ्यावर फारसा परिणाम झाला नाही.

"ताई, झालं ते झालं. माझ्या घरी अजून माल पडलाय. किती वेळ भाजायचे ते तेवढं सांगा."

"आधी ती कार्डं द्या."

"कार्डं?"

"सगळी. बांधलेली, न बांधलेली. आणि परत छापायची नाहीत."

त्या परत गेल्या. समोर उभ्या राहून एकेका गोधडीचं कार्ड त्यांनी कात्रीनं कापलं. मी मोजली नाहीत, पण शेवटचं कापेपर्यंत नजर हलवली नाही. त्यांनी खोक्यासकट गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवला. सगळ्यात वरचं कार्ड मी उलटं केलं.

"मंद आचेवर," मी सांगितलं. "सारखं हलवत राहायचं. चार-दोन दाणे फुटायला लागले की उतरवायचे. सात घालायचे, वरून ठिगळ."

"बस?"

"बस."

त्यांनी मोबाईलमध्ये टिपून घेतलं, "थँक्यू ताई" म्हणाल्या आणि गेल्या.

मावशींनी दोरा दातांनी तोडला. मान खालीच होती. "कालपास्नं बघतीया. ताटात पसरून पार गार करता, मग घालता. ऊन ऊन घातले तर आत घाम धरंल, बुरशी येईल. ते सांगितलं न्हाई तुमी."

"नाही."

त्यांनी सुईत नवा दोरा ओवायला सुरुवात केली. मला वाटलं आता कालचंच परत ऐकावं लागणार, आणि ते ऐकण्याची माझी तयारी होती. म्हणून मीच विचारलं, "आता त्यांच्याकडं शिवायला कोण आहे, मावशी?"

"माझी जाऊ हाय."

मी वही उघडली. पेन हातात घेतलं. या वेळी शिवणारीला आधी सांगायचं, एवढं तरी मी शिकले होते. "मग तुम्हीच घरी गेल्यावर त्यांना सांगा. गार करून घालायचे म्हणून."

मावशींनी सुई उन्हात धरली, दोरा नेढ्यातून पार केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्या.

"म्या न्हाई सांगायची," त्या म्हणाल्या. "तिचं-माझं बोलनं न्हाई."